आमच्या परसातला ज्येष्ठ आणि १९६० चा उन्हाळा

बडोद्यात 'वाडा' हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. आपल्या मराठी घरात वाडा म्हणजे चौक, ओसरी, माडी असलेलं अख्खं घर. गुजराती घरात 'वाडो' म्हणजे घरामागची मोकळी जागा, म्हणजे आपलं परस. माझी आजी साताऱ्याकडून लग्न होऊन १९२० च्या आसपास इथं आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या मासींना कौतुकानं म्हणाली, "आमचा वाडा बघायला या ना एकदा." मासी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. 'वाडे जवुं' याचा गुजरातीतला जुना अर्थ आणि आपल्या 'परसाकडे जाणं' याचा अर्थ एकच आहे, हे आजीला सासूनं घरात नेऊन हळूच सांगितलं. पुढं पन्नास वर्षं आजी ही गोष्ट स्वतःच सांगून हसायची.

आज मला त्या परसाबद्दलच लिहायचं आहे. तेही सगळ्या वर्षाचं नाही, फक्त उन्हाळा सरतानाच्या दिवसांचं. वैशाख संपत आलेला, ज्येष्ठ लागलेला, पाऊस अजून दूर, आणि सगळं परस जीव मुठीत धरून उभं. आमचं घराणं बडोद्यातच का राहिलं, असं पुण्याचे नातेवाईक विचारतात तेव्हा मी नोकरी, घर, पेन्शन अशी उत्तरं देते. ती खोटी नाहीत. पण खरं उत्तर त्या दिवसांत आहे.

आपली इथली मुळं सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. १७३४ मध्ये बडोदं गायकवाडांकडे आलं ते कायमचं. फौजेबरोबर कारकून आले, कारकुनांबरोबर भटजी, आचारी, वैद्य. आमचे पूर्वज हिशेबाच्या कामासाठी आले आणि रावपुऱ्याच्या एका गल्लीत राहिले. नवरे मंडळी दरबारात मोडीत लिहीत बसली. बायकांना मात्र पहिल्या दिवसापासून इथल्या मातीशी, पाण्याशी आणि भाजीवालीशी गाठ होती. सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' काढला. कचेरीतल्या शब्दांना आठ भाषांतले प्रतिशब्द एका ओळीत मांडणारा तो कोश. आजोबा हिशेब खात्यात असल्यामुळे त्यांना त्याचं फार कौतुक. आजी म्हणायची, "कचेरीचे शब्द छापले, पण परसाचे कुणी छापायचे?" ती गंमतीनं म्हणायची, पण तिनं ते काम तोंडी करून ठेवलं होतं.

'कैरी'पासूनच सुरुवात झाली होती. आपल्याकडे कैरी म्हणजे कच्ची. गुजरातीत 'केरी' म्हणजे आंबा, कच्चा असो की पिकलेला. आजीनं लोणच्यासाठी कैऱ्या मागवल्या आणि घरी आले पिवळेधम्मक आंबे. मग तिला 'काची केरी' म्हणायला शिकावं लागलं. पेरूला जामफळ, शेवग्याला सरगवो, भोकराला गुंदा, तोंडलीला घिलोडां, खिरणीला रायण, करवंदाला करमदां, बहाव्याला गरमाळो. कढीलिंब मात्र इथं मीठो लीमडो होऊन भेटला, म्हणजे लिंब दोन्हीकडे आहेच, आपण त्याला कढीत घातला आणि त्यांनी गोड ठरवला. होला हा पक्षी तर जवळजवळ तोच शब्द घेऊन दोन्ही भाषांत बसलाय, नुसता होलो झाला. वाफ्याला क्यारो म्हणायचं, आळ्याला खामणुं, मोटेला कोस. माझ्या पिढीपर्यंत येता येता आम्ही 'झाडाला खामणं कर' असं मराठीत सहज म्हणत होतो आणि पुण्याची भावंडं आमच्याकडे बघत राहायची. तुमच्यापैकी जे इंदूरचे किंवा बेळगावचे आहेत त्यांच्या घरात असेच शब्द हिंदीतून नि कानडीतून आले असणार.

आमच्या परसात एक विहीर होती. १८९२ मध्ये आजव्याचं सयाजी सरोवर पुरं झालं आणि शहरात नळानं पाणी आलं, त्याच्याही आधीची. तोवर बडोदं विहिरी, वावी आणि तळ्यांवर जगायचं. राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव तर १४०५ सालची आहे. आजव्याचं पाणी आलं म्हणून विहिरी लगेच सुटल्या असं मात्र नाही. आमच्या पणजीनं देवाच्या पूजेला नळाचं पाणी कधी घेतलं नाही, कारण नळाच्या चावीत चामडं असतं. तिच्यामागं सोवळं सैल झालं, तरी पाण्याची वाटणी तशीच राहिली. नळाचं पाणी माणसांना, विहिरीचं झाडांना आणि देवाला. आजी म्हणायची, झाडं आणि देव यांचं पाणी एकच असलेलं बरं.

वैशाखात विहिरीचं पाणी खाली जायचं. मग एका सकाळी गाळ काढणारी माणसं यायची. हा आम्हा मुलांचा मोठा सण. दोघं खाली उतरायचे, वर रहाटावर दोघं. पाटीतून काळा, गार, वास येणारा गाळ वर यायचा आणि त्याच्याबरोबर वर्षभराची हरवलेली चीजवस्तू. तांब्ये, एखादी कळशी, रबरी चेंडू, आत्याची चांदीची जोडवी सुद्धा एकदा निघाली. आत्या तोवर सासरी दोन बाळंतपणं करून बसली होती. तो गाळ फेकायचा नसे. परसाच्या कोपऱ्यात ढीग घालून वाळवायचा, फोडायचा आणि पावसाआधी वाफ्यांत मिसळायचा. त्यावर येणारी काकडी, दोडका, कारली बघायला गल्लीतल्या बायका यायच्या.

झाडं काय होती? एक कडुलिंब, इतका मोठा की शेजारच्यांच्या गच्चीवर अर्धा. कोयीपासून आलेला एक आंबा, आंबट, बिनजातीचा. भोकर, शेवगा, पेरू, लिंबू. मोरीच्या पाण्यावर अळू. प्राजक्त, अनंत, मोगरा. कुंपणाला तोंडलीचा वेल. दोन क्रोटन होते, ते आजोबांनी कामाटीबागेतल्या एका माळ्याकडून फांद्या आणून लावलेले. कामाटीबाग १८७९ ची. पुढं बंगळूरच्या लालबागेमुळे नाव झालेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगेल त्याआधी १८९३ पासून बडोद्याच्या नोकरीत होते, असं आजोबा आल्यागेल्याला सांगत आणि क्रोटनकडे बोट दाखवत, जणू साहेबांनी ते स्वतः येऊन लावले. आजीला क्रोटनचं काडीचं कौतुक नव्हतं. "ना फूल, ना फळ, ना पत्री. नुसतं पाणी पितंय."

आणि कढीलिंब. तो आजीनं माहेराहून आणलेला. तिच्या आईच्या दारातल्या झाडाच्या मुळाशी फुटलेलं रोप, ओल्या फडक्यात गुंडाळून, पहिल्या माहेरपणाहून परत येताना. तो श्रावण होता हे ती आवर्जून सांगायची. त्याचं कारण पुढं येईल.

साताऱ्याकडे तिला शिकवलेलं होतं की पेरूला नि लिंबाला उन्हाळ्यात ताण द्यायचा. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मुळं जरा उघडी करायची. मग मृगाचा पाऊस पडला की झाड एकदम फुलतं आणि हिवाळ्यात भरपूर फळ येतं. मृगबहर म्हणतात तो हाच. सून म्हणून आलेल्या आजीनं इथं तेच केलं. ७ जूनला मृग लागला. पाऊस नाही. १० जून झाली, १५ झाली. इथं जूनच्या तिसऱ्या आठवड्याआधी पावसाचा भरवसा धरता येत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. कोकणात नि घाटावर ढग पोचलेले असतात तेव्हा बडोद्यात नुसती दमट काहिली. पेरूच्या फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. शेवटी मासी भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "बेन, तमारो मृग तमारे गाम. अहीं तो अषाढी बीज." आणि स्वतः येऊन त्यांनी आजीला आळं करायला शिकवलं.

ते आळं, म्हणजे खामणुं, मी आजही तसंच करते. खोडाला लागून पाणी घालायचं नाही. खोडाभोवती मातीचा उंचवटा, त्याच्याबाहेर चर, फांद्यांची सावली जिथवर पडते तिथवर रुंद. पाणी चरात, सूर्य कलल्यावर. वर कडुलिंबाची वाळकी पानं पसरायची, म्हणजे ओल टिकते. लिंबू आणि पपई यांच्या खोडाशी सारखं पाणी राहिलं तर ती बुंध्याशी कुजतात, हे आता पुस्तकात वाचून कळतं. तोंडलीच्या वेलाशेजारी एक जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं असायचं. ते चार दिवसांनी भरायचं, ते आपलं आपलं पाझरायचं. हीही मासींचीच विद्या. पेरू वाचला. त्या वर्षी फळ कमी आलं एवढंच.

तेव्हापासून आमच्या घरात उन्हाळ्याच्या शेवटाची दोन पंचांगं झाली. २५ मेला रोहिणी, ७ जूनला मृग, २२ जूनला आर्द्रा, हे आमचं. भीम अगियारस, मग अषाढी बीज, हे मासींचं. दोन्हीत वटपौर्णिमा सारखी. त्या दिवशी आजी आणि मासी एकाच वडाला सूत गुंडाळायला जायच्या. वडावरूनच वटपद्रक, वडोदरा असं नाव पडलेल्या गावात वडाची वाण नव्हती. कावळ्यानं कडुलिंबावर घरटं कुठल्या बाजूला केलंय यावरून पावसाचा अंदाज बांधायचा, यात मात्र दोघींचं एकमत. सहदेव-भाडळीची वचनं त्याही सांगायच्या, हीही सांगायची. खरी किती ठरायची ते विचारू नका.

उन्हाळ्याच्या या टोकाला गच्ची बायकांची आणि परस पाखरांचं. दुपारी मातीच्या कुंड्यात पाणी ठेवलेलं असे. बुलबुल, साळुंक्या, होले सरळ येऊन बसायचे, दयाळ मात्र सगळे उठून गेल्यावर एकटा यायचा. वानरांची टोळी आली की आंब्याखाली पत्र्याचे डबे बडवायचे. गच्चीवर पांढऱ्या फडक्यांनी तोंडं बांधलेल्या बरण्या आणि पातेली. आमच्या आंबट झाडाच्या कैऱ्यांचा आजी आधी चुलीवर साखरांबा करायची, लवंग-वेलदोडा घालून. मासी राजापुरी किसून, साखर, मीठ, हळद लावून नुसत्या उन्हावर छुंदो करायच्या. रोज सकाळी ढवळायचा, फडकं बांधायचं, उन्हात ठेवायचा, संध्याकाळी आत. आठ-दहा दिवसांत पाक मुरला की तिखट आणि जिरं. आजी म्हणाली, "बडोद्याचं ऊन फुकट जातंय, मी सरपण का जाळू?" आणि साखरांबा आमच्या घरातून हळूहळू गेलाच. माझ्या आईनं तो कधी केला नाही. पुण्याच्या काकूला याचा राग होता. "तुम्ही लोकांनी आपलं काही ठेवलंच नाही," असं ती म्हणायची. पण ती त्याच छुंद्याची बरणी घेऊनच परत जायची, हेही खरं.

आता १९६०.

संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं होतं. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि आम्ही गुजरातेत आलो. म्हणजे होतो तिथंच होतो, राज्य फक्त बदललं. मी नऊ वर्षांची होते. शाळेला सुट्टी, आंबे सुरू, त्यामुळे मला त्या दिवसाचं महत्त्व काही कळलं नाही. कळलं ते रात्री. उन्हाळ्यात आम्ही सगळे परसात झोपायचो. संध्याकाळी जमिनीवर पाणी शिंपडायचं, खाटा टाकायच्या, कडुलिंबाखाली आजोबांची, विहिरीपलीकडं बायकांची आणि मुलांची. मोगऱ्याचा वास. मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि मुलं झोपल्याचं सोंग घ्यायची.

वडील आणि काका दोघंही सरकारी नोकरीत. राज्याबरोबर नोकरांचीही वाटणी होत होती. महाराष्ट्राकडे जावं की इथं राहावं, हा प्रश्न त्या महिन्यात बडोद्याच्या किती मराठी घरांत रात्री खाटांवर बोलला गेला असेल! काकांचं ठरलेलं होतं. ते म्हणायचे, इथं आता आपलं काय? राजा गेला, मोडी गेली, उद्या कचेरीत मराठीही जाईल. मुलांच्या नोकऱ्यांचं काय होईल? काका चुकीचं बोलत नव्हते, हे मला आता वय झाल्यावर कळतं. त्या वेळी मात्र आम्हा मुलांना ते खलनायक वाटले, कारण आमचा चुलतभाऊ आणि विहिरीवरचा निम्मा खेळ ते घेऊन जाणार होते.

वडिलांचं ठरत नव्हतं. अर्ज लिहून तयार होता. आजोबा काही बोलत नव्हते, त्यांचा स्वभावच तसा. एका रात्री काका जोरात म्हणाले, "आता नाही तर कधीच नाही. जूनमध्ये सगळ्यांनी एकदमच निघू." आणि काळोखातून आजीचा आवाज आला. तिचा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

"ज्येष्ठात झाड उपटतात का रे? मुळाशी ओल नाही, माती सुटून पडेल, नुसती मुळं उघडी राहतील. पाऊस पडू दे. माती धरू दे. मग मुळासकट, गड्ड्यासकट निघेल. तेव्हा कुठं न्यायचं ते ठरवू."

ती अर्ध झोपेत खरंच झाडाबद्दल बोलत होती की आमच्याबद्दल, यावर घरात पुढं वर्षानुवर्षं वाद झाला. आजीला विचारलं तर ती म्हणायची, "मी कढीलिंबाचं बोलत होते. तुझ्या काकूला रोप हवं होतं." आणि काकूला ते खरंच हवं होतं.

काकांना हजर व्हायची तारीख जूनच्या पहिल्या पंधरवड्यातली. त्यांना पावसाची वाट बघता आली नाही. मृग लागला त्या सुमारास ते निघाले. वटपौर्णिमाही त्याच दिवसांत होती, काकूनं इथला वड शेवटचा पुजला आणि दुसऱ्या दिवसापासून सामान बांधायला घेतलं. आजी नको नको म्हणत असताना तिनं कढीलिंबाच्या मुळाशी फुटलेलं एक रोप खणून काढलं, डालडाच्या डब्यात लावलं आणि टांग्यात मांडीवर घेऊन बसली. माती कोरडी भुसभुशीत होती, गड्डा धरला नाही, मुळांवरची माती काढतानाच गळून पडली होती. मला ते दिसलं होतं. आजीलाही दिसलं होतं. ती काही बोलली नाही, डब्यात तांब्याभर पाणी ओतलं. टांगा वळला तरी आजोबा ओट्यावर उभेच. आमच्या घरातली ती पहिली मोठी ताटातूट.

रोप मुंबईला गाडी बदलेपर्यंत माना टाकून बसलं होतं, असं काकूनं पत्रात लिहिलं. पुण्यात पाऊस पडत होता, पण त्याला उशीर झाला होता.

इकडे आमच्याकडे मृग कोरडाच गेला. काकांच्या खोल्यांना कुलूप. रात्री परसात चार खाटा कमी. वडिलांचा अर्ज कपाटात. पाऊस आला की ठरवू, असं ते म्हणत होते. आणि मग एका संध्याकाळी पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली, कडुलिंबाच्या निंबोळ्या पत्र्यावर तडतडल्या आणि पाऊस आला. अषाढी बीजेच्या आधीच आला की नंतर, हे मला नीट आठवतं, कारण मासी भिंतीपलीकडून ओरडून म्हणाल्या होत्या की यंदा त्यानं बीजेची वाट बघितली नाही. विहिरीच्या काठावर आम्ही नाचलो. वाळलेला गाळ भिजून त्याचा जो वास सुटला तो मला आजही पहिल्या पावसाचा वाटतो, मातीचा नाही.

आता गंमत बघा. पाऊस पडला म्हणजे ठरवायची वेळ आली. पण पाऊस पडला म्हणजे पेरायचीही वेळ. आजीनं दुसऱ्याच दिवशी वाफे केले. काकडी, दोडका, कारली, लाल भोपळा टोकला. घेवड्याला मांडव घालायला वडिलांनाच बांबू बांधायला लावले. आठवड्यात अंकुर वर आले. अळू मोरीशी तरारलं. "काकडी धरू दे," आजी म्हणाली. काकडी धरली तोवर श्रावण. श्रावणात मंगळागौर, आत्या माहेरी येणार. मग गणपती, पत्रीला प्राजक्त, केवडा, आघाडा, सगळं दारचं. मग पेरूला मासींच्या पंचांगानं पाणी देऊन धरलेला बहर, तो हिवाळ्यात उतरणार. अर्ज कपाटातच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात कुणी तो विषय काढला नाही. आणि काढला असता तर पुन्हा ज्येष्ठच होता.

मी हे सगळं परसावर ढकलते आहे असं वाटेल. वडिलांना तसं वाटायचंच. बढत्या चुकल्या, अहमदाबादच्या फेऱ्या झाल्या, कार्यालयातली गुजराती लिखापढी चाळिशीनंतर शिकावी लागली. एकदा, मी कॉलेजात असताना, ते चिडून म्हणाले होते, "माझं आयुष्य दोडक्याच्या वेलानं बांधून ठेवलं." आजी तेव्हा जिवंत होती. तिनं ऐकलं आणि त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी स्वतः जाऊन आळी भरली, न सांगता, सगळी. एवढीच क्षमा मागायची पद्धत आमच्या घरात होती.

त्याच १९६० च्या पावसात आणखी एक गोष्ट झाली. कढीलिंबाला फळं धरली. हिरवी, मग लाल, मग काळी होतात ती. याचं बी वाळवून ठेवलं तर उगवत नाही, ताजं असतानाच लावावं लागतं. आजीनं पिकलेली फळं तोडली, वरचा गर काढून बिया ओल्या फडक्यात बांधल्या आणि पुण्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर काकूला पाठवल्या. बरोबर निरोप, की पोचल्या पोचल्या माती ओली करून लाव, एक दिवस ठेवू नकोस. दहा-बारा बियांतल्या तीन उगवल्या. त्यांतलं एक झाड पुण्याच्या काकांच्या घरामागं वाढलं. म्हणजे साताऱ्याहून बडोद्याला आलेलं झाड चाळीस वर्षांनी बी होऊन घाटावर परत गेलं. काकूनं पहिली पानं फोडणीत घातली तेव्हा पत्रात लिहिलं, "वास आपल्याच परसाचा येतो." ते पत्र माझ्याकडे आहे. मराठीत लिहिलेल्या त्या पत्रातही तिनं 'खामणं' असाच शब्द लिहिलाय. पुण्यात जाऊनही तिला आळं म्हणायचं सुचलं नव्हतं!

आमचं घर नव्वदच्या दशकात गेलं. भाऊबंदांची संख्या वाढली, भिंती वाकल्या, इलाज नव्हता. बांधकाम करणाऱ्यानं विहीर राखू म्हणून शब्द दिला होता. तिथं आता स्कूटर उभ्या असतात, खाली विहीर आहे हे आम्हालाच माहीत. कडुलिंबाचा अर्धा भाग शेजारच्यांच्या हद्दीत म्हणून तेवढा वाचला, तोही अजून कावळ्यांना पुरतो. मासींची नातसून त्याच घरात आहे. तिच्या गच्चीवर मेमध्ये छुंद्याची पातेली दिसतात आणि एक बरणी माझ्याकडे येते. मी तिला साखरांबा देते. तो मी म्हातारपणी पुण्याच्या काकूला विचारून शिकले.

माझ्याकडे आता परस नाही, गॅलरी आहे. तिच्यात तुळस, गवती चहा, एका जुन्या बादलीत अळू आणि मोठ्या कुंडीत कढीलिंब. हे झाड पुण्याच्या झाडाच्या बियांचं. कुंडीला खोडाशी उंचवटा केलाय, कडेनं चर. शेजारच्या मुलीनं विचारलं, कुंडीत कशाला असं करता, तर मला नीट सांगता आलं नाही.

दरवर्षी ७ जूनला पुण्याहून चुलतभावाचा फोन येतो. तोही आता पंचाहत्तरीचा. टांग्यात बसून गेला तेव्हा माझ्याच वयाचा होता. फोनवर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मृग लागला, आला का तुमच्याकडे?"

मी गॅलरीत जाऊन बघते. आभाळ पांढरं, कडुलिंबावर कावळा चोच उघडी टाकून बसलेला.

"अजून नाही," मी सांगते. "बीजेपर्यंत वाट बघ."